एक जूनची मुले

यंदाच्या पावसाळ्यात एके दिवशी मधल्या सुट्टीत नववीची पाच-सहा पोरे व्हरांड्याच्या कोपऱ्यात एका मोबाईलभोवती डोकी घालून बसलेली दिसली. आम्ही मागे जाऊन उभे राहिलो तरी त्यांना पत्ता नाही. पडद्यावर मुलांचा तुरुंग होता. मालिका परदेशी, आवाज हिंदीत भरलेला. आमच्या नववीच्याच वयाची पोरे जेवणाच्या रांगेत एकमेकांच्या अंगावर जात होती, एकाने चमचा घासून टोकदार केला होता आणि मागे ढोल वाजत होते. आमची पोरे श्वास रोखून पाहत होती.

मोबाईल काढून घेतला, चार शब्द सुनावले. त्यावर त्यांच्यातला एक म्हणाला, "सर, बच्चा जेल है वो. उधर जाके आया तो भाई बनता." हे म्हणणारा पोरगा अख्ख्या वर्गात सर्वांत भित्रा. पाल दिसली तरी बाकावर चढतो.

एरवी आम्ही हसून सोडून दिले असते. पण त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्याच शाळेतून बाहेर पडलेल्या एका मुलाला आम्ही खऱ्या तुरुंगातून बाहेर येताना पाहिले होते. बच्चा जेल नव्हे, मोठ्यांचे जेल. आणि तो तिथे पोचला त्यात आमच्या हाताचाही वाटा होता. वाचक बंधू-भगिनींनो, त्या हाताची गोष्ट सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. मुलाचे नाव देणार नाही. कायदाही ते देऊ देत नाही, आणि ते का, हे पुढे येईलच.

पण आधी पडद्याचे बोलू, कारण आपल्या पोरांना जेल पहिल्यांदा तिथेच भेटते.

1988 साली मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे' हा चित्रपट आला. तरुणपणी आम्ही तो टीव्हीवर पाहिला होता. त्या मोबाईल प्रकरणानंतर रविवारी घरात मुलाबाळांना घेऊन पुन्हा पाहिला. (काही प्रसंग पुढे ढकलावे लागले. आई-बापांनी आधी एकटे पाहून घ्यावा हे बरे.) कृष्णा नावाचा कोवळा पोरगा. भावाची गाडी जाळली म्हणून आईने त्याला सर्कशीत सोडले आणि पाचशे रुपये झाल्याशिवाय घरी यायचे नाही म्हणून बजावले. सर्कस त्याला मागे टाकून निघून जाते आणि तो मुंबई गाठतो. वेश्यावस्तीत चहाचे ग्लास पोचवतो. पाचशे रुपयांसाठी एकेक नाणे जमवतो. एके रात्री पोलीस त्याला आणि लहानग्या मंजूला उचलून बालगृहात नेतात. त्या पोरांच्या भाषेत त्या जागेला 'चिल्लर रूम' म्हणतात. 'चिल्ड्रन'चे बोलता बोलता 'चिल्लर' झाले असावे. पण आपल्या कानाला चिल्लर म्हणजे सुटे पैसे, खिशातून पडले तरी कुणी वाकून उचलत नाही ते.

या चित्रपटात ढोल वाजत नाहीत. बालगृहात मोठी पोरे लहानांना छळतात, वेळ जाता जात नाही, आणि बाहेर मंजूच्या आईला तिची मुलगी परत मिळत नाही. कृष्णा भिंत ओलांडून पळतो. शेवटी त्याच्या हातून खून होतो. गणपतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत त्याच्या ओळखीचे शेवटचे माणूसही हरवते आणि तो एकटा एका पायरीवर बसून राहतो. आमची धाकटी तेवढेच विचारत होती, "अब्बा, याला कुणी घ्यायला येणार नाही का?"

कृष्णाचे काम करणारा शफीक सय्यद स्वतः घरातून पळून मुंबईच्या रस्त्यावर राहिलेला मुलगा होता. चित्रपटाला कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार मिळाला, ऑस्करच्या शर्यतीत तो पोचला, शफीकला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्याने बंगळुरूत रिक्षा चालवून संसार केला. चित्रपटातून उभी राहिलेली 'सलाम बालक ट्रस्ट' ही संस्था मात्र आजही रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करते आहे.

2025 च्या मार्चमध्ये 'अडोलसन्स' नावाची इंग्रजी मालिका आली, तिचीही बरीच चर्चा झाली. तेरा वर्षांच्या मुलाने वर्गातल्या मुलीला भोसकल्याचा आरोप. चारच भाग, आणि प्रत्येक भाग कॅमेरा न थांबवता एका दमात चित्रित केलेला. तिसऱ्या भागात मुलगा बंदिस्त संस्थेत आहे आणि एक मानसतज्ज्ञ बाई त्याच्यासमोर बसून नुसत्या बोलतात. मारामारी नाही, चमचे घासणे नाही. तरी पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. शिक्षकांनी ती जरूर पाहावी. तो मुलगा चांगल्या घरचा आहे, खोलीत बसून मोबाईल पाहतो आणि आई-बाप समजतात की पोरगा घरात आहे म्हणजे सुरक्षित आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुंबईत डोंगरी-उमरखाडीला मुलांचे निरीक्षण गृह आहे. ती वास्तू मुळात इंग्रजांचा तुरुंग. 1882 साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना तिथेच ठेवले होते. आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुस्तकही लिहिले. 1924 साली मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा झाला, 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि पुढे मोठमोठ्या कैद्यांच्या त्या भिंतींआड पोरे राहू लागली. म्हणजे 'मुलाला मोठ्यांच्या कैदेत घालू नये' हा विचार या मातीत शंभर वर्षांचा आहे. कागदावर तरी.

सध्याचा कायदा 2015 चा, जानेवारी 2016 पासून लागू. अठरा वर्षांखालच्या मुलाला तो गुन्हेगार म्हणत नाही. त्याचा शब्द 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. उच्चारताना जीभ अडखळते, वर्गात पोरे हसतात. पण शब्द विचार करून निवडलेला आहे. अशा मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचे नाही, तुरुंगात पाठवायचे नाही, बेड्या घालायच्या नाहीत. ताब्यात घेतल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे करायचे. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांत किमान एक महिला. जामीन हा नियम आणि कोठडी हा अपवाद. चौकशी संपेपर्यंत ठेवायचेच झाले तर निरीक्षण गृहात. दोष सिद्ध झाला तर समज देण्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्यापर्यंत. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिशय गंभीर गुन्हा केला असेल तर मंडळ तपासणी करून त्याला प्रौढांसारखा खटला चालवायला पाठवू शकते. 2012 च्या दिल्लीच्या घटनेनंतर देशभर जो संताप उसळला, त्यातून हे कलम आले.

सगळा डोलारा एकाच आकड्यावर उभा आहे. घटनेच्या दिवशी वय अठराच्या खाली होते की वर? हा आकडा ठरवायचा कशावरून, हेही कायद्याने लिहून ठेवले आहे. पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्राला. ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच डॉक्टरांकडून हाडांची तपासणी.

म्हणजे पहिला मान आम्हा मास्तरांच्या जनरल रजिस्टरला.

त्या रजिस्टरात काय असते, हे राजुरात कुणाला सांगायला नको. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या शाळेचे रजिस्टर उघडा. पानामागून पान एक जून, एक जून, एक जून. गावातली निम्मी माणसे एकाच दिवशी जन्मली की काय असे वाटावे. फेसबुकवर त्या दिवशी शुभेच्छा देता देता बोटे दुखतात. 31 मे रोजी महाराष्ट्रात इतके कर्मचारी एकदम निवृत्त का होतात, याचेही उत्तर हेच. शाळा जूनमध्ये उघडायची, मूल दारात उभे असायचे, आईला तारीख ठाऊक नसायची. मास्तर मुलाकडे पाहायचे, डोक्यावरून उजवा हात नेऊन डावा कान धरता येतो का ते पाहायचे आणि सहा वर्षे पूर्ण होतील अशा बेताने एक जून टाकून द्यायचे.

जून 2012 मध्ये आमच्या शाळेत लेखनिक नव्हता. पहिलीचे प्रवेश आम्हीच भरत होतो. एक बाई आली, मोठी मुलगी शाळेत होतीच, हाताला धरून आणलेला मुलगा तिच्या कमरेएवढा. म्हणाली, "सर, आम्ही निंदायला जातो, याला घरी कुणाजवळ ठेवू? बहिणीसोबत बसू द्या." जन्म कधीचा विचारले तर म्हणाली, रोजे नुकते लागले होते आणि त्या दिवशी शाळेत झेंडा होता. आम्ही घाईत होतो. मागे रांग होती. रजिस्टरात लिहिले: 1/6/2006, अक्षरी एक जून दोन हजार सहा.

खरे तर तिने आम्हाला पूर्ण तारीख सांगितली होती. पंधरा ऑगस्टही नाही, सव्वीस जानेवारीही नाही. रोजे लागताना शाळेत झेंडा, म्हणजे आपल्याकडे सतरा सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. सप्टेंबरच्या मध्याला तो नुकता सुरू झालेला असेल असे साल 2007. मुलगा पावणेपाच वर्षांचा होता. आम्ही त्याला सव्वा वर्ष मोठे केले.

डिसेंबर 2024 मध्ये, इशाच्या नमाजानंतर, त्याचा बाप आमच्या दारात आला. आत या म्हटले तरी चपला काढेना. "सर, एक कागद होना." पोराला धरले होते. गावाबाहेरच्या दोन मोठ्या पोरांबरोबर तो रात्री मोटारसायकलवर गेला होता. विहिरीवरच्या मोटारींची तांब्याची केबल तोडायची, जाळून तार काढायची आणि भंगारात घालायची, हा धंदा. मोठे दोघे केबल ओढत होते, याने बॅटरी धरली होती. त्याला त्या रात्रीचे पाचशे रुपये मिळणार होते. तो आकडा ऐकला तेव्हा आमच्या मनात काही आले नाही. 'सलाम बॉम्बे' पुन्हा पाहताना आले.

दुसऱ्या दिवशी शाळेने दाखला दिला. रजिस्टरप्रमाणे वय अठरा वर्षे सहा महिने. दाखला बरोबर होता, रजिस्टरशी तंतोतंत जुळत होता. त्या कागदावर मुलगा त्या दोघांबरोबर मोठ्यांच्या न्यायालयात उभा राहिला आणि तिथून न्यायालयीन कोठडीत, जिल्हा कारागृहात गेला. पोलिसांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यापुढे शाळेचा शिक्का होता.

आईने आम्हाला मशिदीच्या वाटेवर गाठले. ओरडली नाही. म्हणाली, "सर, तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं ना, झेंड्याचा दिवस." एवढेच बोलून निघून गेली.

त्या रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या रात्रीही नाही. सकाळी बापाला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. तिथे फुकट वकील मिळतो. मुलांना, स्त्रियांना, कोठडीतल्या माणसाला मिळतोच, त्यासाठी गरिबीचा दाखलाही लागत नाही. ही गोष्ट आमच्या मोहल्ल्यात आजही बहुतेकांना ठाऊक नाही. मंगळसूत्र-पाटल्या गहाण ठेवून लोक खासगी वकिलाच्या पायऱ्या चढतात. मिळालेल्या वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "नोंद कशावरून केली होती, हे तुम्ही साक्षीत सांगाल का?"

इथे आमची गाडी अडली. शाळेचे रजिस्टर चुकीचे आहे असे शाळेचाच शिक्षक कोर्टात सांगणार? घरात चर्चा झाली. हितचिंतकांनी सांगितले, "नोकरीवर येईल. आणि पोराने चोरी केलीच आहे ना?" खोटे कशाला बोलू, दोन दिवस आम्ही फोन उचलला नाही.

तेव्हा वकीलबाईंनी पाठवलेला एक निकाल वाचला. ऑगस्ट 1994 मध्ये पुण्यात पौड रस्त्यावर राठी कुटुंबातील सात जणांची हत्या झाली होती; त्यांत गर्भवती स्त्री होती, लहान मुले होती. जुन्या वाचकांना आठवत असेल. त्या खटल्यात नारायण चौधरी नावाच्या आरोपीला 1998 मध्ये फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये ती कायम केली. त्याचे वय काय, हे खटल्यात कुणी नीट पाहिलेच नाही. पुढे किती तरी वर्षांनी राजस्थानातल्या बिकानेर भागातल्या एका सरकारी शाळेचे रजिस्टर सापडले. त्यात त्याचे नाव नारायण नव्हते, निरानाराम होते, आणि जन्मतारीख होती 1 फेब्रुवारी 1982. म्हणजे घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. पुण्याच्या न्यायाधीशांनी चौकशी करून तसा अहवाल दिला आणि 27 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. कायद्याने ज्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते, तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, त्यातली बरीच वर्षे फाशीच्या छायेत. आत राहून तो एम. ए. झाला.

गुन्हा भयंकर होता, याबद्दल वाद नाही. त्या घरातल्या मेलेल्यांना कुणी परत आणू शकत नाही. आम्ही विचार करत होतो तो दुसऱ्याच माणसाचा. बिकानेरजवळच्या त्या खेड्यातला एक मास्तर. त्याने कधी तरी एका पोराचे नाव आणि तारीख लिहिली, बहुधा घाईतच लिहिली असेल, आणि ती ओळ फाशीच्या दोरापर्यंत जाऊन आली. आमच्याही रजिस्टरात तशीच एक ओळ होती. फरक एवढाच की तिचे तोंड उलट्या दिशेला होते.

बापाने मुलाच्या आजोळी, शेजारच्या तालुक्यात, जन्म-मृत्यू नोंदवही काढून घेतली. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झाले होते. मुलाचे नाव नव्हते, नुसते 'मुलगा', आईचे नाव, आणि 17 सप्टेंबर 2007. पण कायद्याचा क्रम आडवा आला. शाळेचा दाखला असताना जन्मदाखला कोण पाहणार? यावर वकीलबाईंचे उत्तर तयार होते. शाळेच्या रजिस्टरातील तारखेला मोल येते ते ती कशाच्या आधारे लिहिली यामुळे. आधारच नसेल तर ती तारीख पुरावा म्हणून उभी राहत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगून ठेवले आहे. आधार होता की नव्हता, हे सांगू शकणारा माणूस एकच.

आम्ही साक्ष दिली. सरकारी वकिलांनी विचारले, "मग तुम्ही सरकारी दप्तरात खोटी नोंद केली, असे म्हणायचे का?" घसा कोरडा पडला होता. म्हणालो, "अंदाजे नोंद केली. आईने सांगितलेले ऐकले नाही." न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिले आणि लिहून घेतले. नंतर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेले, मुलगा बापाच्या ताब्यात आला. तोवर एक्केचाळीस दिवस झाले होते.

आम्ही बापाबरोबर दारात उभे होतो. तो बाहेर आला तेव्हा खांदे आत ओढलेले, कुणी मोठ्याने बोलले की दचकायचा. आत काय झाले ते आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. भाईबिई काही बनला नव्हता.

या ठिकाणी पुण्याचीच दुसरी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि इतर अटींबरोबर अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. महाराष्ट्र पेटला. जामीन बदलून त्याला निरीक्षण गृहात पाठवले. 25 जूनला उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून सोडले. मधल्या काळात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आई-बाप आणि डॉक्टरही अटकेत गेले. त्याला प्रौढ मानावे ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली. तीनशे शब्दांचा निबंध आम्ही दर आठवड्याला देतो, तेव्हा वर्गातला प्रश्न तुम्ही ओळखलाच असेल: "सर, निबंध लिहिला की सुटतो का?"

लोकांचा राग आम्ही समजू शकतो. नमुने बदलले गेले असतील तर ते पापच. पण अल्पवयीनाला लवकर जामीन मिळणे, ही श्रीमंतांची सवलत नाही. कायद्यात ती सर्वांसाठी लिहिलेली आहे. तिथे काही तासांत वय सांगणारे, कायदा सांगणारे उभे राहिले. इथे बॅटरी धरणाऱ्या पोराला एक्केचाळीस दिवस लागले, कारण त्याच्या बाजूने वय सांगणारी फक्त आई होती.

केबल ज्याची गेली त्या शेतकऱ्याकडेही आम्ही गेलो. न जाता चालले नसते. गव्हाला दुसरे पाणी द्यायचे होते, चार रात्री मोटार बंद राहिली. उसनवारी करून त्याने नवी केबल टाकली. चहा पाजून तो म्हणाला, "सर, लेकरू सुटलं, बरं झालं. पण माझ्या गव्हाचं वय कोणी इचारतं का?" याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. बापाने तीन हप्त्यांत केबलचे निम्मे पैसे पोचवले. निम्मे त्या शेतकऱ्यानेच सोडून दिले.

वाचकांनी काही गोष्टी घरातल्या भिंतीवर लिहून ठेवाव्यात अशा आहेत. मूल अठराच्या आतले आहे, हे आई-बापांनी पहिल्याच दिवशी, पहिल्याच दंडाधिकाऱ्यापुढे सांगावे. तो बाल न्याय मंडळाचा नसला तरी त्याला चौकशी करावीच लागते. तेव्हा राहून गेले तर हा मुद्दा नंतर कोणत्याही टप्प्यावर, खटला संपल्यावरसुद्धा, मांडता येतो. राठी खटल्यात तेच झाले. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे. आणि मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हाच तो चोर' म्हणून पोराचा फोटो फिरवू नका. आमच्याकडे तो फिरला, आमच्या माजी विद्यार्थ्यांच्याच ग्रुपवर. अशा मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. मंडळाने निर्णय दिल्यावर त्या प्रकरणाची छाया नोकरी-शिक्षणावर पडू नये म्हणून नोंदीसुद्धा ठराविक काळाने नष्ट करायच्या, असे हा कायदा म्हणतो. कायदा विसरायला तयार आहे. मोहल्ला तयार नाही.

तो मुलगा आता मोटार दुरुस्तीच्या दुकानात काम शिकतो. मंडळाने नेमलेल्या परिविक्षा अधिकारी महिन्याने येऊन चौकशी करून जातात. आम्ही रस्त्यात भेटलो की सलाम करतो, थांबत नाही. त्याने थांबावे अशी आमचीही अपेक्षा नाही.

मोबाईल जप्त केला त्या आठवड्यात आम्ही नववीचे रजिस्टर काढले. ही मुले 2017 साली पहिलीत आली. अर्ध्याहून जास्त एक जून. वास्तविक शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद चालते, पालकांचे लेखी निवेदनही चालते. तरी आमच्या हातांची सवय सुटली नव्हती. मूल शाळेत आहे तोवर पुरावा जोडून, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने तारीख दुरुस्त होते. एकदा शाळा सोडली की फार अवघड. म्हणून मुख्याध्यापकांच्या संमतीने आम्ही संध्याकाळी घरोघर जायला लागलो. कुणाकडे लसीकरणाचे पिवळे पडलेले कार्ड निघते, कुणाकडे नुसते "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी", "मोहरमच्या आधी", "गणपतीला यात्रा भरली होती त्या रात्री". राजूरच्या गणपतीच्या चतुर्थीवरून तारीख काढणारी मुसलमान आई या गावात नवलाची नाही. आता आम्ही सगळे शब्दशः लिहून घेतो आणि जुनी कॅलेंडरे शोधतो.

त्या भित्र्या पोराच्याही घरी गेलो. रजिस्टरात 1 जून 2011; आईच्या सांगण्यावरून आणि अंगणवाडीच्या वहीवरून निघाली फेब्रुवारी 2012. अर्ज भरून द्या म्हटले तर बाप हसला.

"रहने दो सर. एक साल बडा है तो क्या बिगडता? पोलीस भरती में जल्दी बैठेगा."

पोरगा दारामागे उभा राहून ऐकत होता. आम्ही चहा घेतला, आणि अर्ज त्यांच्या टीव्हीवर ठेवून आलो. पुढच्या जुम्याला पुन्हा जाणार आहोत.